घरचा फोटोग्राफर

लग्नघरात दोन माणसांना जेवणाचे कोणी विचारीत नाही. एक नवरी, कारण तिला भूक नसते असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. आणि दुसरा घरचा फोटोग्राफर, कारण तो घरचाच असतो! पैसे देऊन आणलेल्या फोटोग्राफरला आग्रह करकरून वाढतात. मी मात्र गेली वीस वर्षे धाराशिव जिल्ह्यातल्या निम्म्या सोयऱ्यांच्या लग्नांत गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडतो आहे आणि बुंदी संपल्यावर जेवतो आहे. पोटासाठी मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. पण परंडा-भूमकडच्या काही आप्तांची अशी प्रामाणिक समजूत आहे, की 'सर' म्हणजे फोटो काढणारे सर.

हे काम वाटते तितके सोपे नाही. आमच्याकडच्या लग्नतिथी बहुधा ऐन उन्हाळ्यातल्या. मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडातून गाळून आलेल्या उन्हात गोरीपान नवरीदेखील काविळीची रोगी दिसते. साडेबाराचा मुहूर्त, पण वरात मारुतीच्या देवळापासून नाचत नाचत येईपर्यंत दीड वाजतो. मंगलाष्टकांतले 'सावधान' खरे म्हणजे फोटोग्राफरलाच उद्देशून असते. अंतरपाट दूर होतो तो क्षण एकच, आणि नेमके त्याच क्षणी कोणी तरी दाजी मोबाइल उगारून पुढे सरसावतात. अशा दाज्यांच्या टकलांचा माझ्यापाशी मोठा सुरेख संग्रह झाला आहे.

भाड्याने येणारी मंडळी हुशार असतात, हे मी मत्सर बाजूला ठेवून कबूल करतो. ती ड्रोन उडवतात, वधूवरांना आधीच नळदुर्गच्या किल्ल्यात नेऊन सिनेमातल्यासारखे चालायला लावतात. पण त्यांना ओळखू येतात ती दोनच माणसे. आई गेल्यावर ज्या आत्याने नवऱ्या मुलाला वाढवले, ती मांडवाच्या खांबाला टेकून बसलेली असते. त्यांच्या लेखी ती गर्दी. मला ती आत्या ठाऊक असते. चलच्चित्रांची तर गंमतच झाली. हॅलोजनच्या दिव्यांनी वऱ्हाडाचे डोळे दिपवून काढलेल्या त्या व्हीएचएस कॅसेटी अजून घरोघर कपाटात आहेत. परंतु २०१६ साली व्हीसीआरचे उरलेसुरले उत्पादनही थांबले. आता आमच्या ताईचे लग्न पाहायचे कशावर?

निगेटिव मात्र टिकतात. नुसता उजेड असला की पुरे. हे मला कळले ते मामांमुळे.

मामांच्या याशिका कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल बसे. सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत सगळे छत्तीसांत भागवायचे, म्हणजे महिनाअखेरचा संसारच तो! तरीही मामा दोनचार फोटो 'वाया' घालवीत. मामींच्या एका चुलतभावाचे, सास्तूरच्या, लग्न होते. कानपिळीच्या वेळी नवरीच्या चिमुरड्या भावाचा हात नवरदेवाच्या कानापर्यंत पोचेना. शेवटी पोरगा पाटावर चढला, आणि इतका वेळ मान खाली घालून बसलेली नवरी एकदम खुदकन हसली. मामांनी कळ दाबली. 'नवरीचे दात दिसतात. हा फोटो अल्बमात नको,' असा वडीलधाऱ्यांचा निकाल पडला. फोटो छापलाच गेला नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून गावे निजली होती. पहाटे चारच्या सुमाराला धरणी हलली. किल्लारी लातूर जिल्ह्यातली. सास्तूर आमच्या जिल्ह्यातले, तेव्हाच्या उस्मानाबादेतले. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. ज्या घरांनी उन्हाळ्यात गारवा दिला, तीच हजारो निजलेल्या माणसांवर कोसळली.

मी तेव्हा शाळेत होतो. दिवाळीनंतर ते गृहस्थ मामांकडे आले. बायको गेली होती, घर गेले होते, अल्बम मातीत गेला होता. चहाला हात न लावता ते म्हणाले, "दाजी, आमच्या लग्नातलं काही शिल्लक असंल का वो तुमच्याजवळ?"

मामांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि खिडकीपाशी जाऊन पट्ट्या उजेडात धरल्या. मीही डोकावून पाहत होतो. दहाबारा चौकटींत नवरी होती. पण कुठे मुंडावळ्या आड आलेल्या, कुठे पदर, कुठे खाली घातलेली मान. चेहरा असा नव्हताच. मग कानपिळीची चौकट आली. निगेटिवमध्ये दात काळे दिसतात. तरी त्यांनी ओळखले. "अशीच हसायची बघा ती," एवढेच म्हणाले.

तो फोटो मोठा करून त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये लागला. पुढे गाव नव्या जागी वसले, तेव्हा नव्या घरातही तोच गेला.

सप्तपदी, सूनमुख वगैरे मी आता भाड्याच्या मंडळींवर सोपवतो. मी चुलाणापाशी असतो, नळावर हात धुणाऱ्यांत असतो. फोटोंची एक प्रत वधूकडे, एक वराकडे आणि एक तिसऱ्याच गावी कोणा सोयऱ्याकडे ठेवतो. सोयरे हसतात, आणि ठेवूनही घेतात.

परवा कळंबच्या एका लग्नात पंगतीतल्या आजी कॅमेरा पाहून म्हणाल्या, "थांब बाबा, कवळी बसवून येते." आल्या, पदर सारखा करून ताठ बसल्या. तो फोटो त्यांच्या मुलाने लगेच मागून घेतला. त्याच्या आधीचा माझ्यापाशी आहे.