बरी झाले, पण कशामुळे?

नवऱ्याची बदली जयपूरला झाली आणि आम्ही आग्रा रस्त्यावरच्या बस्सीत राहायला आलो. तो सकाळी बाहेर पडला की संध्याकाळपर्यंत घरात मी एकटी. शेजारणी ‘भाभीजी, चाय पी लो’ म्हणून बोलवायच्या, तरी माझं कशातच मन लागेना. पहाटेच जाग यायची, भूक मेली होती, कुकर लावायचाही कंटाळा यायचा. आईचा फोन आला तरी उचलत नसे.

डॉक्टरांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं. दोन्ही ठीक निघालं, तेव्हा त्यांनी समुपदेशन सुचवलं. मला मनातलं मराठीतच बोलायचं होतं, म्हणून पुण्यातल्या एका समुपदेशक बाईंबरोबर व्हिडिओ कॉलवर सत्रं सुरू केली.

पहिल्याच सत्रात त्यांनी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, उत्साह, स्वतःविषयीचे विचार. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. जितके गुण जास्त, तितका त्रास जास्त. शेवटचा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा. तो त्यांनी सरळ विचारला, मीही खरं उत्तर दिलं. “सुधारणा होतेय की नाही, हे आपल्या अंदाजावर सोडायचं नाही,” त्या म्हणाल्या.

मग दैनंदिनी आली. तासातासाला काय केलं आणि तेव्हा मन कसं होतं, याला दहापैकी गुण द्यायचे. दुपारी पडून राहिलं की माझे गुण घसरत. गच्चीत शेजारणींबरोबर पापड वाळत घालताना ते वाढत. लोकांना टाळलं की घटकाभर सुटल्यासारखं वाटे, पण बरं वाटण्याच्या जागाही तेवढ्याच कमी होत आणि उदासी वाढे. “उत्साह येईल मग उठू, असं म्हणू नका. आधी उठा,” हे बाईंचं सांगणं. रोजच्या दिवसात एकेक छोटं काम ठरवून घातलं. या पद्धतीला वर्तन-सक्रियता म्हणतात.

हळूहळू प्रश्नावलीतले गुण उतरले. तेव्हा मी विचारलं, “मॅडम, हे उपचारामुळे झालं, की मला बस्सीची सवय झाली म्हणून?” त्या म्हणाल्या, “तुमच्या एकटीवरून ते सांगता येणार नाही. माणूस मदत मागतो तो सगळ्यात वाईट दिवसांत. तिथून काही जण एरवीही सावरतात. त्यासाठी तुलना लागते.”

मग त्यांनी गोव्यातला अभ्यास समजावून सांगितला. ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे ५०० जणांचे दोन गट केले. कोण कुठल्या गटात, हे केवळ योगायोगाने ठरलं. एका गटाला केंद्रातले नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्याशिवाय वर्तन-सक्रियतेवरच आधारलेली सहा ते आठ सत्रं, तीही मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांकडून. तपासणाऱ्यांना कोण कुठल्या गटातला, हे माहीत नव्हतं. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा: तीन महिन्यांनी सत्रं घेतलेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के.

मला त्यातला ३९चा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटला. दुसरा गटच नसता, तर सगळ्याच्या सगळ्या ६४चं श्रेय सत्रांना दिलं गेलं असतं. सत्रांचं खरं देणं शंभरात २५ जणांचं, आणि तेही थोडं नाही. उरलेले ३६ काही कमी धडपडले नसतील. त्यांना औषध किंवा दुसरी पद्धत लागेल.

आता एखादी शेजारीण मन मोकळं करू लागली, की ‘मला गुण आला, तुलाही येईल’ असं मी म्हणत नाही. हा उपाय तुलना करून पारखलेला आहे, एक पद्धत लागू पडली नाही तर दुसरी आहे, एवढं सांगते. आणि १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा सरकारी नंबर तिच्या मोबाइलमध्ये घालून देते. तो फुकट आहे, रात्रीही लागतो.