फेअर वही

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाव्यात, असे पत्र आले तेव्हा डोळ्यांसमोर कोणता समारंभ किंवा पारितोषिक उभे राहिले नाही. उभा राहिला तो एक इंग्रजी शब्द. तो माझ्या वाट्याला आला नसता, तर आज मी इंग्रजीचा शिक्षक झालो असतो असे वाटत नाही.

१९८७ साल. मी आठवीत होतो. घटक चाचणीत भाषांतरासाठी एक वाक्य आले होते : 'द अंपायर वॉज फेअर.' मी निःशंकपणे लिहिले, "पंच गोरा होता." सरांनी उत्तर वाचून दाखविले आणि वर्ग खदखदून हसला. हसण्याला आणखी एक कारण होते. वसतिगृहात माझ्याइतका काळा दुसरा मुलगा नव्हता.

सर मात्र हसले नाहीत. "हा अर्थ तुला कुठे मिळाला?" एवढेच त्यांनी विचारले. वर्गात मला उत्तर देता आले नाही. सायंवंदना आटोपल्यावर त्यांनी मला ओसरीवर बोलावून घेतले, तेव्हा सांगितले. थोरल्या ताईच्या स्थळासाठी मुंबईहून पत्र आले होते. सारे पत्र मराठीत, त्यात शब्द एकच इंग्रजी : "मुलगी फेअर हवी." वडिलांनी गावातल्या एका शिकलेल्या माणसाला अर्थ विचारला. तो म्हणाला, "गोरी." पाहुणे आले, पोहे खाऊन गेले आणि पुन्हा त्यांचे पत्र आले नाही. त्या दिवसापासून 'फेअर'चा हाच एक अर्थ आमच्या घरात राहत होता.

सर काही वेळ गप्प राहिले. मग ग्रंथालयातून जाडजूड शब्दकोश घेऊन आले. 'फेअर' हा शब्द तेथे एकदा नव्हे, दोनदा स्वतंत्रपणे दिला होता. पहिला प्राचीन इंग्रजीतला. त्याचा मूळ अर्थ सुंदर, मनाला प्रसन्न करणारा. गोरेपणा त्याला मागाहून चिकटला. त्याच मुळातून न्यायी, निष्पक्षपाती हा अर्थ निघाला, निरभ्र हवामानाचा निघाला, आणि खाडाखोड नसलेल्या स्वच्छ लेखनाचाही. म्हणून तर आपली 'फेअर वही'! प्रगतिपुस्तकावर बेताच्या कामगिरीला 'फेअर' शेरा मिळतो, तोही याच घरातला. दुसरा 'फेअर' म्हणजे जत्रा. त्याचा पहिल्याशी काडीचाही संबंध नाही. तो लॅटिनमधील सणाच्या सुट्टीच्या शब्दावरून आला. आणि एस.टी.चे भाडे तो तिसराच. उच्चार तोच, पण स्पेलिंग निराळे, मूळ प्रवास करणे या क्रियापदात.

"मग वाक्यात कोणता अर्थ आहे, हे ओळखायचे कसे?" मी विचारले.

"समानार्थी शब्द बसवून पाहा," सर म्हणाले. "पंचाच्या वाक्यात 'जस्ट' घाल, वाक्य उभे राहते. 'पेल' घाल, पंच आजारी पडतो. हवामानाला 'क्लिअर' चालेल, शेऱ्याला 'मॉडरेट', जत्रेला यांपैकी एकही नाही. शब्द एकटा काही सांगत नाही. शेजारी कोण बसले आहे ते पाहावे लागते."

मग ते आमच्या पाली पुस्तकाकडे वळले. 'वण्ण' म्हणजे रंग, रूप, सामाजिक वर्ण आणि स्तुतीसुद्धा. आपल्या मराठीतही 'वर्ण' म्हणजे रंग, चातुर्वर्ण्यातला वर्ण, आणि अक्षर. "पहिल्या दोन अर्थांनी माणसांना पुष्कळ छळले आहे," ते म्हणाले. "तू तिसरा घे."

दिवाळीच्या सुट्टीत हे सारे मी ताईला सांगितले. ती भाकऱ्या थापत होती. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. तिने हात थांबविला नाही. तवा उतरवून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे त्या पत्रातला अर्थ एकटाच नव्हता तर." आणि थोड्या वेळाने, "तुझी एखादी वही कोरी आहे का रे?"

मी माझी फेअर वही तिला दिली. पुढे तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीची परीक्षा दिली. गणितात ती एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा उत्तीर्ण झाली. लग्नही झाले, त्या घरी रंगाची चौकशी कोणी केली नाही. ती वही तिने अजून जपून ठेवली आहे. पहिल्या पानावर 'फेअर'चे सगळे अर्थ एकाखाली एक लिहिलेले आहेत. 'गोरा' हा अर्थही तिने गाळलेला नाही. फक्त तो सर्वांत शेवटी लिहिला आहे.

आज मी उत्तरपत्रिका तपासतो, तेव्हा अधूनमधून एखादा पंच गोरा निघतो. तांबडी शाई टेकविण्याआधी मी त्या मुलाला बोलावून घेतो आणि विचारतो, "बाळ, हा अर्थ तुला कुठे मिळाला?"