डावऱ्या हाताचा नेम

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सायंकाळची जपमाळ आटोपून आम्ही देवळाचे दार लावीत होतो, तोच धर्मग्रामातील एक शेतकरी पायरीशी येऊन उभा राहिला. मागे त्याची एकोणीस वर्षांची कन्या होती. ती नगरच्या महाविद्यालयात शिकते. शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. पण मुळेच्या कालव्याखालची आमची माणसे अजून ‘नगरला’च जातात. एनसीसीच्या छावणीत पॉइंट टू टू रायफलने तिने झाडलेल्या पाचही गोळ्या दोन इंचांच्या आत बसल्या होत्या. तेव्हापासून नेमबाजीने तिचे मन व्यापले होते.

“फादर, पोरीला पिस्तूल घ्यायचं म्हणतोय. घोडेगावला कांदा बरा गेला. सस्त्यातलं कंचं घ्यावं? तुम्ही पुस्तकं वाचता, तुम्हाला ठावं आसंल.”

आम्ही ईश्वरविद्येचा अभ्यास केला, तत्त्वज्ञानाचाही केला. परंतु पिस्तुलाची निवड हा विषय सेमिनरीत आम्हांला कोणी शिकविला नव्हता. तरीही ज्या विश्वासाने तो आला होता, त्याला हसून वाटेला लावणे आम्हांस बरे वाटले नाही. आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि एका निवृत्त सुभेदारांकडून माहिती गोळा केली.

पॉइंट टू टूचे काडतूस हे मोठे साधे साधन आहे. ठिणगी देणारे द्रव्य त्याच्या बुडाच्या पातळ कडेतच भरलेले असते. कडेवर आघात झाला की गोळी सुटते. दारू थोडी, म्हणून धक्का थोडा. आणि नवशिक्याचा हात बिचकत नाही. अमेरिकेत विल्यम रूगर यांनी १९४९ साली याच काडतुसाचे पिस्तूल साडेसदतीस डॉलरला विकावयास काढले. पोलादी पत्र्याचे दोन साच्यातले भाग जोडून त्याचा सांगाडा बनविला, म्हणून ते सामान्य माणसाच्या खिशाला परवडले. आपल्याकडे कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले, तेही याच जातीच्या काडतुसावर. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळविले, ते पॉइंट टू टू रायफलनेच.

परंतु आपल्या देशात ‘स्वस्त पिस्तूल’ हे शब्द एकत्र नांदत नाहीत. १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे असे पिस्तूल बाळगावयास परवाना हवा आणि वयाची एकवीस वर्षे पूर्ण हवीत. पोलीस चौकशी करतात, सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते, काडतुसे किती घ्यावयाची हेही परवान्यावर लिहिलेले असते. परदेशी पिस्तूल मागविण्याची सवलत मुख्यतः मान्यताप्राप्त नेमबाजांना आहे. त्यामुळे पूर्वी आलेल्या जुन्या पिस्तुलांच्या किमतीही चढ्याच राहिल्या.

हे सारे ऐकल्यावर त्या गृहस्थाने मुलीला मोटारसायकलीपाशी धाडले आणि आवाज खाली केला. “मंग परवाना माझ्या नावानं काढतो, फादर. पोरीचं निमित्त हाय म्हणा. घरात आसलं म्हंजी बांधावरची भावकी जरा वचकून ऱ्हाईल.”

आम्ही स्तब्ध झालो. त्याचा नि त्याच्या थोरल्या भावाचा बांधावरून सात वर्षे अबोला आहे. रविवारच्या मिस्साला एक डावीकडे बसतो, दुसरा उजवीकडे. आम्ही दोनदा समेट घडवू पाहिला. दोन्ही वेळा हात पोळले आणि पुढे आम्ही तो नाद सोडून दिला. दोघांना एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर देत राहिलो आणि गप्प राहिलो. चूक त्याची एकट्याची नव्हती.

पवित्र शास्त्रात, शास्ते या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात, बन्यामीन वंशातील सातशे डावऱ्या गोफणवाल्यांचा उल्लेख आहे. केसावरही त्यांचा नेम चुकत नसे. तेथे ‘नेम चुकणे’ यासाठी जे हिब्रू क्रियापद आले आहे, तेच अन्यत्र ‘पाप करणे’ या अर्थाने येते. आणि त्या अचूक गोफणवाल्यांची ती लढाई होती कोणाशी? आपल्याच भाऊबंदांशी! हे आम्ही त्याला सांगितले. शेवटी स्पष्ट म्हणालो, “ज्या घरात धाक घालण्यासाठी शस्त्र येते, त्या घरात ते आणण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. पोरीच्या नेमासाठी मात्र वाट आहे.”

ती वाट म्हणजे हवेचे पिस्तूल. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या व्यासाच्या आणि वीस ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. दहा मीटरवरचे लक्ष्य असते, त्यातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटरचे. साठ नेम आणि सव्वा तास. हात स्थिर ठेवणे, श्वास आवरणे, चाप अलगद दाबणे, हे सारे त्यात शिकता येते.

एक वापरलेले पिस्तूल कमी किमतीत मिळत होते. पिता हरखला. मुलीने ते हातात घेतले मात्र, आणि तिचा चेहरा उतरला. मूठ उजव्या हातासाठी कोरलेली होती. आमची नेमबाज डावरी! सुभेदार म्हणाले, “किंमत मागून बघा, आधी मूठ बघा. मग चाप, मग दृष्टीपट्टी सरकते की नाही ते, आणि शेवटी दुरुस्ती कोठे होईल ते.” शेवटी दोन्ही हातांना चालेल अशा मुठीचे साधे पिस्तूल घेतले. दट्ट्या एकदा दाबून हवा भरावयाची आणि एक छर्रा सोडावयाचा. कांद्याच्या पैशातला लहानसा वाटा त्याला पुरला.

प्रश्न उरला जागेचा. दहा मीटर लांब, आडोशाची, जेथे गुरे-पोरे मध्ये येणार नाहीत अशी जागा हवी. त्यांची स्वतःची कांदाचाळ भरलेली होती. रिकामी होती ती थोरल्या चुलत्याची, बांधापलीकडची.

मुलगी एकटीच गेली. “मोठे आबा, तुमची चाळ सांजच्याला घंटाभर द्याल का?” ते काही बोलले नाहीत, असे ती सांगते. उठले आणि चाळीचे दार उघडून दिले. दुसऱ्या दिवशी पाहते तो, टोकाच्या भिंतीला वाळूने भरलेली पोती रचून ठेवलेली!

परवा गृहभेटीला गेलो असता आम्ही तेथे डोकावलो. डोळ्यांवर चष्मा लावून मुलगी नेम धरीत होती. तिच्या पाठीमागे दोन्ही भाऊ उभे होते, मध्ये दोन हातांचे अंतर राखून. बांधाची मोजणी अद्याप व्हायची आहे. छर्रा कागदावर टपकला. “आठ,” धाकटा म्हणाला. थोरला पुढे वाकून पाहू लागला. “नऊ हाय,” तो म्हणाला.

सात वर्षांत ते एकमेकांशी प्रथमच बोलत होते. आम्ही मुलीला एवढेच सांगितले की, छर्रे शिशाचे आहेत, हात धुतल्यावाचून भाकरीला शिवू नकोस, आणि परतलो. पुढल्या आठवड्यात, तिसऱ्यांदा, बांधाच्या गोष्टीसाठी आम्ही दोघांकडे जाणार आहोत.