वादळाआधीची मुंबई

मुंबई म्हटली की आपल्या खेड्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे राणीची बाग, गेटवे आणि लालबागचा गणपती उभा राहतो. कुणाचा चुलता परळला गिरणीत होता, कुणाची लेक दादरला दिली आहे, कुणाची भाजी पहाटे दादरच्या बाजारात उतरते. त्यामुळे मुंबईवर संकट आले की त्याची धग कोकणात आणि घाटावर घरोघर पोचते. या शहराची आज एका वेगळ्या बाजूने ओळख करून द्यायची आहे. समुद्रात चक्रीवादळ उठले आणि ते इकडे येणार असे कळले, म्हणजे ही एवढी मोठी वस्ती काय करते, कोण घर सोडते, कोण सोडत नाही आणि का सोडत नाही, हे शेतकरी कुटुंबाने समजून घेण्यासारखे आहे.

आधी थोडे वादळाविषयी. समुद्राचे पाणी तापले म्हणजे त्यावरची दमट हवा वर उठते, खाली दाब कमी होतो आणि चहूकडून वारे धावत येऊन गोल फिरू लागतात. हेच चक्रीवादळ. अमेरिकेकडे त्याला हरिकेन म्हणतात, चीन-जपानकडे टायफून. नाव निराळे, जात एकच. अरबी समुद्रात अशी वादळे बंगालच्या उपसागरापेक्षा कमी उठतात आणि त्यातली बरीच दूर अरबस्तानाकडे निघून जातात. म्हणून मुंबईला वाटत आले की वादळ हे ओरिसा-आंध्राचे दुखणे, आपले नव्हे. पण १९४८ च्या नोव्हेंबरात मुंबईने मोठे वादळ पाहिले. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आले. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग आणि लगेच पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. तेव्हा हा पाहुणा आपल्या दाराशीही येतो, हे आता मानलेच पाहिजे.

सरकारी कामानिमित्त मुंबईला गेलो की हातात वेळ असेल तेव्हा पायी हिंडायची मला सवय आहे. गेल्या खेपेला गिरगाव चौपाटीपासून लालबागपर्यंतचा रस्ता, थोडा पायी आणि थोडा बसने, याच नजरेने पाहिला.

गिरगावात फणसवाडी आहे, केळेवाडी आहे, आंबेवाडी आहे. नावे वाचून कृषी खात्याच्या माणसाला बरे वाटते. प्रत्यक्षात फणसाचे पान दिसत नाही. दाटीने उभ्या चाळी, लाकडी जिने, कौलांवर पत्रे आणि पत्र्यांवर निळे ताडपत्रीचे तुकडे. चौपाटीची वाळू येथून हाकेच्या अंतरावर आहे. समुद्र खवळला म्हणजे तो पाहायला माणसे चौपाटीवर जमतात. मुंबईकराची ही जुनी खोड आहे. निसर्ग वादळाच्या वेळी पोलिसांनी १४४ कलम लावून किनारे, समुद्राकाठचे रस्ते आणि बागा लोकांना बंद केल्या, ते यासाठीच. वादळात घरात बसलेल्यापेक्षा बघायला गेलेला माणूस आधी सापडतो.

निसर्ग वादळाचा हिशेब तारखांनी समजून घ्यावा. १ जून २०२० रोजी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला, २ जूनला त्याचे चक्रीवादळ झाले आणि ३ जूनच्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर चढले. म्हणजे हातात होते दोनच दिवस. कुलाब्याला १८२६ पासून वेधशाळा आहे. तिथून आणि दिल्लीहून पायरीपायरीने इशारे निघतात. सुमारे ७२ तास आधी नजर ठेवण्याची सूचना, ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा, २४ तास आधी धोक्याचा इशारा आणि वादळ जमिनीवर येण्याच्या १२ तास आधीपासून, ते आत कुठवर शिरेल त्याचा अंदाज. बंदरांवर १ ते ११ क्रमांकांचे बावटे चढतात ते वेगळेच. क्रमांक जितका मोठा तितका धोका मोठा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

गिरगावहून वरळीला गेले की उंच काचेच्या इमारतींच्या पायथ्याशी वरळीचा कोळीवाडा लागतो. टोकाला जुना किल्ला, तिन्ही बाजूंनी पाणी, अरुंद गल्ल्या आणि वाळत घातलेली जाळी. २०२० च्या मार्चअखेरीस करोनाची साथ शिरल्यामुळे हा कोळीवाडा बंद करण्यात आला होता. दोन महिने सरकार सांगत होते, घराबाहेर पडू नका. आणि जूनच्या २ तारखेला किनाऱ्याच्या वस्त्यांना सांगण्यात आले, घर सोडा आणि महानगरपालिकेच्या शाळेत चला. शाळेत गर्दी, गर्दीत साथ. माणसाने वाऱ्याला भ्यावे की रोगाला? तरीही कुलाबा, वरळी, दादर, माहीमच्या किनाऱ्यावरून हजारो माणसे हलली. पालिकेने शाळा उघडून दिल्या आणि माणसे अंतर ठेवून बसली.

पण सगळी हलली नाहीत, हेही खरे. कोळ्याला विचारा. त्याची होडी किनाऱ्यावर असते. ती वर ओढावी लागते, शेजारच्या होडीला बांधावी लागते, इंजिन आणि जाळी घरात आणावी लागतात. हे सारे होईपर्यंत त्याचा पाय निघत नाही. बायकामुले पुढे जातात, कर्ता पुरुष मागे राहतो. आपल्याकडे पूर येतो तेव्हा गोठ्यात जनावर असले म्हणजे शेतकरी मागे राहतो, तसेच हे. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण वारा काय करील हे कोळ्याला सरकारी माणसापेक्षा अधिक ठाऊक असते. त्याचा पाय अज्ञानामुळे अडत नाही, मागे राहणाऱ्या मालामुळे अडतो.

दादरला शिवाजी पार्कच्या आसपास मोठी झाडे आहेत. माझे लक्ष साहजिकच त्यांच्या बुंध्यांकडे गेले. गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सोनमोहर. माथ्यावर मोठा पसारा आणि बुंध्याला फरशी अगर डांबर थेट भिडलेले. ज्या झाडाला मूळ पसरायला जागा नाही, ते वाऱ्याला काय उभे राहणार? दोन्ही वादळांत मुंबईत झाडे मोठ्या संख्येने पडली. म्हणून पावसाळ्याआधी पालिकेचा उद्यान विभाग फांद्या छाटतो. आपल्या घरावर, गोठ्यावर आलेली वाळकी फांदी आपणही मे महिन्यातच उतरवावी. वादळाच्या इशाऱ्यानंतर झाडावर माणूस चढवू नये.

दादरहून परळकडे येताना हिंदमाता लागते. पाऊस म्हटला की वर्तमानपत्रात हिंदमातेचे नाव ठरलेले. मुंबई हे मूळचे सात बेटांचे गाव. बेटांमधल्या खाड्या आणि खाचरे भरून हे शहर सलग झाले. खोलगट जागा खोलगटच राहिली. त्यात समुद्राला भरती असेल तर पावसाचे पाणी बाहेर जात नाही, आणि वादळाचा वारा समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे ढकलतो तेव्हा भरती नेहमीपेक्षा उंच चढते. आपल्या खारभूमीत बांधाची उघाडी बंद असताना पाऊस पडला की शेत तुंबते, तोच प्रकार. अलीकडे पाणी साठवायला दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या झेवियर मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत. त्यांनी पाणी लवकर ओसरते, पण सखल जागा उंच झालेली नाही.

परळ-लालबाग हे गिरणगाव. कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूरची माणसे येथे पोटासाठी आली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. आज धुराड्यांच्या जागी मनोरे उभे आहेत, पण मधूनमधून जुन्या चाळी अजून माणसांनी भरलेल्या आहेत. येथल्या माणसाला वाऱ्याचे फारसे भय नाही. त्याला भय आहे भिजलेल्या भिंतीचे आणि कुजलेल्या तुळईचे. दरवर्षी पावसाळ्याआधी म्हाडाचे मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी काढते आणि रहिवाशांना घरे रिकामी करायला सांगते. पुष्कळजण करीत नाहीत. कारण संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबे वर्षानुवर्षे तिथेच राहिलेली त्यांनी पाहिली आहेत. खोली सोडली तर परत मिळेल का, या एका प्रश्नापायी माणूस तडा गेलेल्या भिंतीखाली झोपतो. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. ती इमारत धोकादायक म्हणून काही वर्षे आधीच ठरलेली होती. काही कुटुंबे निघाली होती, काही राहिली होती.

कोळ्याची होडी, चाळकऱ्याची खोली आणि आपले जनावर ही तिन्ही एकाच माळेतली आहेत. माणसाला नुसते ‘निघा’ म्हणून भागत नाही. मागे जे राहते त्याची राखण कोण करणार आणि परत आल्यावर ते हाती लागेल ना, याचे उत्तर आधी द्यावे लागते. ज्या वस्तीत हे उत्तर तयार असते, ती वस्ती वेळेवर हलते.

आता दुसरी गोष्ट. ३ जून २०२० रोजी वादळ मुंबईवर आलेच नाही. ४ तारखेला शाळेतून घरी परतलेल्या पुष्कळांना वाटले, उगाच हलवले. पण त्याच वाऱ्याने शंभर किलोमीटर दक्षिणेला श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर, दापोली या भागात नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध. आज लावलेले सुपारीचे रोप फळ द्यायला सहा-सात वर्षे घेते. आजोबांनी लावलेले माड नातवाच्या डोळ्यांदेखत एका दुपारी गेले. समुद्रातल्या वादळाने वाट थोडी बदलली असती तर हा घाव वरळी-गिरगावच्या पत्र्यांवर बसला असता. पावसाच्या भीतीने कापणी उरकून धान्य घरात आणले आणि पाऊस आला नाही, तर आपण कुणी रडत बसत नाही. टळलेल्या वादळाचा इशारा खोटा ठरत नाही.

ही दुसरी गोष्ट पुढच्याच वर्षी उपयोगी पडली. १७ मे २०२१ रोजी तौक्ते मुंबईजवळून समुद्रातून गेले. त्याच्या आधीच उपनगरांतल्या तीन मोठ्या करोना केंद्रांतले ५८० रुग्ण दुसऱ्या दवाखान्यांत हलवले गेले होते. वादळाच्या दिवशी मुंबईत दोनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला आणि कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेले. तंबूवजा केंद्रांतून त्या पावसात माणसे काढायची वेळ आली नाही. त्याच दिवशी खोल समुद्रात तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला. नौदलाने अनेकांना वाचवले, तरी त्यावरची सत्तरहून अधिक माणसे गेली. वारा सुटल्यावर हलणे किती अवघड असते, ते त्यावरून कळते. ओरिसात १९९९ च्या वादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ च्या फायलिन वादळाआधी तिथे दहा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले, आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. वारा दोन्ही वेळा भयंकरच होता.

तेव्हा किनाऱ्यावरच्या आणि नदीकाठच्या कुटुंबांनी पुढील गोष्टी आकाश निरभ्र असतानाच ठरवून ठेवाव्यात. कोणत्या पक्क्या इमारतीत जायचे, म्हातारी माणसे आणि बाळंतीण कोण नेणार, हे घरात सर्वांना माहीत असावे. सातबारा, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक आणि औषधे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती एका ठरलेल्या जागी ठेवावी. इशारा आला की तयार आंबा, नारळ उतरवावेत, केळीला टेकू द्यावेत, विहिरीवरचा व ओढ्याकाठचा पंप वर आणावा, पत्रे बांधावेत, पिण्याचे पाणी भरून ठेवावे. जनावरे उंच जागी न्यावीत. ते जमले नाही तर निदान दावी सोडावीत. बांधलेले जनावर हमखास बुडते. घर सोडताना विजेचे मुख्य बटण आणि गॅसची टाकी बंद करावी. वारा एकाएकी थांबला तरी बाहेर पडू नये. वादळाचा डोळा माथ्यावर आला म्हणजे असे होते. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने येतो. नंतर पडलेल्या तारेला हात लावू नये. कोवळी झाडे कलली असतील आणि थोडी मुळे जमिनीत असतील तर लवकर उभी करून माती व आधार द्यावा. ती पुष्कळदा जगतात.

आणि गावाने मिळून करायचे एक काम आहे. घरे रिकामी झाल्यावर राखण कुणाची आणि जनावरांच्या चाऱ्याची जबाबदारी कुणाची, हे ग्रामसभेत नावानिशी ठरवावे. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ शाळेच्या आणि सोसायटीच्या भिंतीवर रंगवून घ्यावा. मुंबईत ज्यांची मुले आहेत त्यांनी तिथला १९१६ हा क्रमांक मुलांना सांगून ठेवावा, आणि त्यांची चाळ धोकादायक यादीत आहे का, एवढे या पावसाळ्याआधी विचारावे. असेल तर त्यांना महिनाभर गावाकडे बोलवायला लाजू नये. त्यांच्या खोलीला कुलूप राहील, आणि कुलूप लावलेल्या खोलीपेक्षा आपला मुलगा मोलाचा आहे.