हरण्याची मुभा

मराठीतला ‘खेळ’ हा शब्द मोठा ऐसपैस आहे. अंगणातली भातुकली हा खेळ, रंगमंचावरचा रात्रीचा प्रयोग हाही खेळ, गारुडी करतो तोही खेळ आणि दैव मांडते तोही खेळच. कामात लक्ष नसलेल्या माणसाला आपण ‘हा काय खेळ मांडला आहेस?’ असे दटावतो आणि चार माणसे आनंदाने एकत्र नांदत असली की तेथील वातावरण खेळीमेळीचे आहे असे म्हणतो. म्हणजे आपल्या भाषेने खेळाच्या पदरात हलकेपणा आणि मेळ अशा दोन गोष्टी बांधून दिल्या आहेत. दूरचित्रवाणीवरचा आजचा व्यावसायिक खेळ पाहताना मात्र या दोहोंपैकी एकही सहसा दृष्टीस पडत नाही. खेळाडू शस्त्रक्रियेला निघाल्यासारखे चेहरे करून मैदानात उतरतात. समालोचक जीवनमरणाची भाषा बोलतात. हरलेला कर्णधार पत्रकारांसमोर आरोपीसारखा मान खाली घालून बसतो. हे सारे पाहून एखाद्या भाबड्या माणसाच्या मनात येते, या मंडळींना यात मजा तरी येते का?

प्रश्न भाबडा खरा, पण टाकाऊ नव्हे. त्याचे सोपे उत्तर असे की खेळाने स्वतःला फार गंभीरपणे घेतले, म्हणून त्यातली मजा गेली. मला हे उत्तर पटत नाही. गोट्या खेळणारी मुले जरा निरखून पाहावीत. अंगठा जमिनीला टेकून नेम धरणाऱ्या मुलाइतका गंभीर प्राणी जगात दुसरा नसेल. विटीदांडूत मोजणी चुकली तर दोन जिवलग मित्र तासभर एकमेकांशी बोलत नाहीत. योहान हॉयझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ नावाचा ग्रंथ लिहिला. खेळ आणि गांभीर्य यांचे वैर नाही, हे त्याने त्यात विस्ताराने दाखवले आहे. खेळाला स्वतःची जागा असते, स्वतःची वेळ असते. त्या कुंपणाच्या आत त्याचे नियम सर्वश्रेष्ठ, कुंपणाबाहेर मात्र त्यांची सत्ता चालत नाही. दिवेलागणीला आईची हाक आली की डाव मोडतो, आणि मघाशी ‘मेलेला’ गडी धावत घरी जेवायला जातो.

मग दोष पैशाचा म्हणावा काय? पूर्वीचे हौशी खेळाडू आनंदासाठी खेळत, आताचे पैशासाठी खेळतात, असा सूर आपण नेहमी ऐकतो. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये १९६२ सालापर्यंत ‘जंटलमेन’ म्हणजे हौशी आणि ‘प्लेअर्स’ म्हणजे पगारी असा भेद रीतसर पाळला जात असे. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्यासुद्धा वेगळ्या असत. आपल्याकडे पाहायचे तर पाळवणकर बाळूंचे उदाहरण आहे. पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात हा चर्मकार समाजातला तरुण महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखी आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकी. पुढे तो हिंदू संघातून खेळू लागला, तेव्हा मैदानावर त्याच्या हातचा चेंडू चाले, पण चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला जाऊन त्याने शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे नेतृत्व त्याच्या वाट्याला कधीच आले नाही. ते १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले. त्या क्लबात हौसेने खेळणारे साहेब होते आणि पगार घेणारा बाळू होता. पगार घेतल्याने खेळाची गोडी उणावते हा सिद्धान्त बहुधा ज्यांना पगाराची गरज नव्हती त्यांनीच मांडलेला आहे. गरिबाच्या मुलाने अंगच्या कौशल्यावर घर चालवले तर त्यात हिणवण्यासारखे काय आहे?

दोष गांभीर्याचा नाही आणि केवळ पैशाचाही नाही, तर मग बिनसले कोठे? मला वाटते, खेळणाऱ्याला पूर्वी असलेली हरण्याची मुभा आपण काढून घेतली. दोन बाजू मांडून जो डाव सुरू होतो त्यात एकाला हरावेच लागते. अर्धे गडी रोज हरणार हे ज्याच्या रचनेतच आहे, त्या व्यवहारात हरणे हा अपराध ठरला, तर मजा उरणार कशी?

हरण्यातही केवढे वैभव असू शकते, याचा एक दाखला आपल्या मुंबईतच आहे. १९४३ सालच्या डिसेंबरात ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. धर्मवार संघ पाडून खेळली जाणारी ती स्पर्धा पुढे १९४६ साली कायमची थांबली, आणि ते योग्यच झाले. पण तो सामना विसरण्याजोगा नाही. हिंदू संघाने पाच बाद ५८१ धावांवर डाव सोडला. त्यात विजय मर्चंटांच्या नाबाद २५० धावा होत्या. समोर ‘द रेस्ट’ म्हणजे ‘उरलेल्यां’चा संघ होता आणि त्यात सांगलीचे ख्रिस्ती खेळाडू विजय हजारे होते. पहिल्या डावात हा संघ १३३ धावांत बाद झाला. दुसऱ्या डावातही निम्मा संघ झटपट परतला. मग हजारे आणि त्यांचे धाकटे बंधू विवेक यांनी सहाव्या जोडीसाठी ३०० धावा जोडल्या. त्यांपैकी विवेक यांच्या धावा फक्त एकवीस! संघाच्या एकूण ३८७ धावांत हजाऱ्यांच्या एकट्याच्या ३०९ होत्या. एवढे करूनही त्यांचा संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. निकालाच्या रकान्यात तो निव्वळ पराभव आहे, परंतु ऐंशी वर्षे उलटली तरी जाणकार त्या सामन्याचे नाव काढतात ते हरलेल्या बाजूच्या त्या ३०९ धावांसाठी आणि चिकाटीने दुसरे टोक सांभाळणाऱ्या भावाच्या त्या एकवीस धावांसाठी.

याच मुंबईत फेब्रुवारी १९८० मध्ये, क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत, आणखी एक प्रसंग घडला. वानखेडे स्टेडियमवर इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले होते. यष्टिरक्षक बॉब टेलर यांना पंचांनी यष्टीमागे झेलबाद दिले. चेंडू बॅटला लागलेला नाही असे टेलर यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी स्वतः होऊन पंचांकडे अपील मागे घेतल्याचे सांगितले आणि टेलर यांना परत बोलावले. टेलर आणि इयन बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत तो सामना दहा गड्यांनी हरला. विश्वनाथ यांनी कसोटीत भारताचे नेतृत्व केले ते केवळ दोन सामन्यांत, आणि त्यांतला एक हा.

याला वर्षही झाले नव्हते, तोच १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला याच्या नेमके उलट घडले. न्यूझीलंडला बरोबरी साधायला शेवटच्या चेंडूवर षटकार हवा होता. ऑस्ट्रेलियाचे कर्णधार ग्रेग चॅपेल यांनी गोलंदाजी करणाऱ्या आपल्या धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू हात खाली ठेवून जमिनीवरून सरपटत टाकायला सांगितले. नियमात त्या वेळी ते बसत होते. फलंदाज ब्रायन मॅकेक्नी यांनी चेंडू नुसता अडवला आणि संतापाने बॅट भिरकावून दिली. सामना ऑस्ट्रेलियाने जिंकला. दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी या कृत्याचा निषेध केला आणि पुढे तो नियमच बदलण्यात आला. हजारे बंधूंच्या भागीदारीपुढे चॅपेल बंधूंचा तो एक चेंडू ठेवून पाहावा. ग्रेग चॅपेल हे थोर फलंदाज होते, दुष्ट मुळीच नव्हते. पण हरण्याची भीती मनात शिरली की थोर माणसाच्या हातूनही चेंडू सरपटू लागतो.

गंमत अशी की आमच्या वसईच्या वाड्यांमध्ये अंडरआर्म क्रिकेट हाच सर्वांत आनंदाचा खेळ आहे. माझ्या भाच्याचा अकरा वर्षांचा मुलगा तेथला पट्टीचा खेळाडू. चेंडू कौलांवर गेला तर आउट, बावखलात पडला तर आउट आणि वर पाण्यात उतरून तो ज्याचा त्यानेच काढायचा, असे तेथले कायदे. बाद झाला की हा मुलगा घसा कोरडा पडेपर्यंत भांडतो आणि मग स्वतःच हसत सुटतो. हाच मुलगा दर रविवारी पहाटेच्या लोकलने, स्वतःच्या उंचीएवढी किटची पिशवी घेऊन, वडिलांबरोबर मुंबईला एका प्रशिक्षण वर्गाला जातो. परतीच्या प्रवासात वडील वहीत मांडलेला हिशेब त्याला वाचून दाखवतात: किती चेंडू खेळलास, किती सोडलेस, कोणता फटका चुकला. एके दिवशी त्याने मला हळूच विचारले, “आजोबा, रविवारी पाऊस पडेल ना?” खेळ बुडेल या काळजीने विचारतो आहे, असे समजून मी त्याला धीर दिला. त्यावर तो काही बोलला नाही, नुसता आभाळाकडे बघत राहिला. त्याला पाऊस हवा होता.

मी भाच्याशी बोललो. तो काही कठोर बाप नाही. मुलाच्या फीसाठी तो जादा पाळी करतो. तो म्हणाला, “मामा, लहानपणी मला कोणी बॅटसुद्धा घेऊन दिली नाही. याला संधी मिळाली आहे, ती वाया कशी घालवू?” मग त्याने वैभव सूर्यवंशीचे नाव काढले. २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दाह येथे झालेल्या आयपीएलच्या लिलावात या तेरा वर्षांच्या मुलावर एक कोटी दहा लाखांची बोली लागली आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याने पस्तीस चेंडूंत शतक ठोकले. त्या मुलाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण त्या एका शतकाने किती वाड्यांतल्या वडिलांची झोप उडवली असेल, याची गणती कोण करणार? भाच्याच्या प्रश्नाला माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. त्याच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. त्या प्रेमाला वहीतल्या रकान्यांचे रूप आले, एवढेच मला खुपते.

असे रकाने भरून जगज्जेते घडतात हे खरे, पण ते घडताना काय होते हे आंद्रे अगासी यांनी २००९ साली आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. वडिलांनी चेंडू फेकणारे यंत्र आपल्या पद्धतीने बदलून घेतले होते आणि लहानग्या आंद्रेला त्यासमोर दिवसाला अडीच हजार चेंडू मारावे लागत. ज्या टेनिसने कीर्ती दिली त्या टेनिसचा आपण मनापासून द्वेष करीत आलो, असे त्यांनी त्यात सांगून टाकले. २०२१ च्या जुलैत, टोकियो ऑलिंपिकमध्ये, सिमोन बाइल्स ही अमेरिकेची जिम्नॅस्ट सांघिक अंतिम फेरीतून एका उडीनंतर बाहेर पडली. हवेत असताना शरीर नेमके कोठे आहे याचे भानच तिला राहत नव्हते, आणि अशा स्थितीत उडी घेणे म्हणजे मान मोडून घेणे. तरीही घरबसल्या कित्येकांनी तिला भित्री ठरवले.

येथे बोट आपल्याकडे, म्हणजे प्रेक्षकांकडे वळते. खेळाडूच्या हरण्याची मुभा काढून घेतली ती केवळ मालकांनी आणि जाहिरातदारांनी नव्हे. १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताचे आठ गडी १२० धावांत बाद झाले, तेव्हा प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या आणि आसनांना आगी लावल्या. सामना थांबवून श्रीलंकेला विजयी घोषित करावे लागले. नाबाद राहिलेला मुंबईचा विनोद कांबळी रडत रडत मैदानाबाहेर आला. त्या रात्री आग लावणाऱ्यांना खेळात रस होता असे कसे म्हणावे? दिलेले कर्ज बुडाल्यावर सावकार जसा चवताळतो, तसे ते चवताळले होते.

तथापि गेलेली मुभा परत मिळवता येते, हेही त्याच बाइल्सने दाखवून दिले. २०२४ साली पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णपदके जिंकली. मात्र जमिनीवरील कसरतींच्या स्पर्धेत ब्राझीलच्या रेबेका आंद्रादेने तिला मागे टाकले. पदके देताना बाइल्सने आणि शेजारच्या पायरीवर उभ्या असलेल्या तिच्या संघसहकारी मुलीने मधल्या पायरीवरच्या आंद्रादेला वाकून मानवंदना दिली. जगातील सर्वांत कसलेली जिम्नॅस्ट हरली होती आणि मनमोकळे हसत होती. तिच्या गांभीर्यात तसूभरही उणेपणा आला नव्हता, हे त्या तीन सुवर्णपदकांवरून दिसतेच. व्यावसायिक खेळात मजा उरू शकते, याचा मला तरी याहून चांगला पुरावा ठाऊक नाही.

लिलावाच्या बोली आणि सामन्यांची वेळापत्रके आपल्या हाती नाहीत. आपल्या घरातल्या आणि गावातल्या मैदानाच्या कडेच्या चार गोष्टी मात्र आहेत. दिवाणखान्यात सामना पाहताना बाद झालेल्या खेळाडूला आपण काय बोलतो, ते शेजारी बसलेले मूल ऐकत असते. गावच्या स्पर्धेत उपविजेत्या संघाचे नाव पुकारताना टाळ्या किती वाजतात, तेही ते मोजत असते. आणि शून्यावर बाद होऊन घरी आलेल्या मुलाला दारातच धावा विचारायच्या, की आधी पाणी द्यायचे, हे ठरवायला कोणत्याही मंडळाची परवानगी लागत नाही.