वैशाखातील शाकारणी

कोकणातील घराचे स्वास्थ्य त्याच्या पायात जितके, किंबहुना काकणभर अधिकच, त्याच्या माथ्यात असते. कारण मृगाची पहिली सर आल्यापासून हस्त संपेपर्यंत रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्या सर्व पाण्याचा बंदोबस्त आढ्यापासून वळचणीपर्यंत उतरत जाणाऱ्या मातीच्या कौलांनीच करावयाचा असतो. सरकारी नोकरीची मुदत पुरी करून मी वडिलार्जित घरी कायमच्या वास्तव्यासाठी आलो, तेव्हा घर गळत होते. आप्तांनी सल्ला दिला, आणि एका ठेकेदाराने त्याचा लेखी अंदाजही करून आणला, की कौले, रीपा, वासे सारे उतरवून लोखंडी सांगाड्यावर पत्रा घालावा, म्हणजे दरसालची तसदी चुकेल. मी तो कागद दप्तरात ठेवून दिला आणि शाकारणी स्वतःच्या हातांनी करावयाचे ठरविले. ज्या घराचा प्रत्येक अवयव सुटा काढता येतो, तपासता येतो आणि तेवढाच बदलता येतो, असे घर आपण होऊन मोडून त्याच्या जागी आपल्याला दुरुस्त करता न येणारे घर उभे करणे मला कोणत्याही हिशेबात बसविता येईना.

या कामी मला वाडीतील एका वृद्ध सुताराचे मार्गदर्शन लाभले. पहिल्याच दिवशी माजघरातील ओल्या डागाकडे मी बोट दाखविले, तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, पाणी पडतं तिथं शोधू नका, त्याच्या वर शोधा." कौलाला गेलेल्या बारीक तड्यातून शिरलेले पाणी तत्काळ खाली पडत नाही, ते कौलाच्या पोटाला चिकटून रीपेवर येते, रीपेवरून वाशावर उतरते, आणि वाशाच्या कडेने कित्येक हात वाहत जाऊन जिथे लाकडात गाठ किंवा सांधा आडवा येतो तिथे ठिबकते. म्हणून डागाच्या रेषेत वाशामागून वासा धरून आढ्याकडे दृष्टी नेत जावे लागते. भर दुपारी दारे-खिडक्या लावून माजघरात उभे राहिले, तर फुटक्या कौलांतून उन्हाचे कवडसे दिसतात. परंतु केसासारखा तडा प्रकाश देत नाही, आणि पाणी मात्र देतो. त्यासाठी दुसरा उपाय आहे. एकाने आत उभे राहावे, दुसऱ्याने पाख्यावर पाणी सोडावे, आणि तेही वळचणीच्या ओळीपासून आरंभ करून एकेक ओळ वर चढत जावे. वरून सोडलेले पाणी सर्वच ओळींवरून वाहत असल्याने दोषी ओळ कोणती याचा निवाडा होत नाही. खालून चढत गेले म्हणजे ज्या ओळीला आत थेंब दिसेल, तीच गुन्हेगार.

आमच्या छपरावरील कौले मंगलोरी आहेत. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी 1865 साली मंगलोरास यंत्रावर कौले काढण्याचा कारखाना सुरू केला, तेव्हापासून नेत्रावतीकाठच्या मातीची ही तांबडी कौले गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावरील बंदरोबंदरी उतरू लागली, आणि कुंभाराच्या चाकावरील नळीच्या कौलांची जागा त्यांनी हळूहळू घेतली. नळीची कौले एक उताणे, एक पालथे अशी नुसती रचलेली असतात, त्यामुळे वानरांनी एक उडी मारली की सारी घडी विसकटते. मंगलोरी कौलाच्या कडेला पन्हळ असते, ती शेजारच्या कौलाच्या ओठाखाली बसते. पोटाला वरच्या टोकाशी खुंट्या असतात, त्या रीपेला अडकतात. एक चौरस मीटर पाख्याला अशी साधारण 15 कौले लागतात. वर्षभरात या पन्हळींत आंब्याचा पाचोळा, धूळ आणि शेवाळे साचून बांध पडतो, आणि वाऱ्याचा झोत आला की अडलेले पाणी ओठ ओलांडून आत येते. मला आढळलेल्या गळतींपैकी पुष्कळशा फुटक्या कौलांच्या नव्हत्याच, तर तुंबलेल्या पन्हळींच्या होत्या. आणि त्यांना सुक्या दिवशी एक ताठ खराटा व अंमळ चिकाटी एवढेच साहित्य पुरले.

चढण्याची वेळ सकाळची, ऊन तापण्यापूर्वीची. आणि दव पूर्ण वाळल्यानंतरचीच. पाख्यावर शिडी आडवी टाकून तिच्यावर भार द्यावा. कौलावरच पाय ठेवणे अपरिहार्य झाले, तर जिथे वरच्या कौलाचे टोक खालच्यावर चढलेले असते आणि त्याखाली रीप असते, तेवढ्याच दुहेरी जागी ठेवावा, मध्ये कदापि नाही. संशयित कौलावर बोटाच्या पेराने टिचकी मारली की चांगले कौल खणखणते आणि तडकलेले बद्द बोलते. ते काढण्यासाठी वरच्या ओळीतील दोन कौले चार बोटे उचलून त्यांखाली लाकडाची पाचर सारावयाची, खुंट्या रीपेवरून सोडवावयाच्या आणि कौल खाली ओढून घ्यावयाचे. नवे त्याच वाटेने वर सरकवीत न्यावयाचे, आणि खुंट्या रीपेत बसल्याचा तो किंचित ठक्क आवाज हाताला जाणवेपर्यंत सोडावयाचे नाही. कौल निघाले म्हणजे उघड्या पडलेल्या रीपेत चाकूचे टोक खुपसून पाहावे. टोक सहज शिरले, तर ती रीप त्याच दिवशी बदलावी. वाळवीचा मातकट माग दिसला, तर तो भिंतीपर्यंत खाली शोधीत न्यावा, कारण वाळवी जमिनीतून येते, आणि वर खरवडून टाकलेला माग खाली वाट शाबूत असली तर पुन्हा उभा राहतो.

आढ्यावरच्या कौलांचे सांधे मात्र मी सिमेंटने भरले नाहीत. लाकडी छप्पर पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. ताठर सिमेंट ही हालचाल सोसत नाही, ते तडकते आणि कौलाचा टवकाही बरोबर उचलते. कळीचा चुना विरवून, पाण्याखाली काही आठवडे मुरवून, त्याच्या एका भागाला चाळलेली वाळू तीन भाग घातली म्हणजे जो गारा होतो, तो या हालचालीबरोबर थोडा लवतो, आणि पुढे कौल काढावयाचे झाल्यास ते न फोडता सुटतेही. चुना विरवताना तो उकळून उडतो, तेव्हा डोळ्यांची काळजी घ्यावी. पाण्यात चुना टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये.

सर्वांत अवघड तरतूद राखीव कौलांची. प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा निराळा असल्याने एकाचे कौल दुसऱ्याच्या शेजारी बसत नाही, आणि मंगलोरचे कित्येक कारखाने आता बंद पडले आहेत. कौलाच्या पाठीपोटावर कारखान्याचे नाव आणि चिन्ह उठवलेले असते. ते कागदावर उतरवून घेऊन मी पंचक्रोशीत पाडल्या जाणाऱ्या घरांची चौकशी करीत असतो. ज्यांच्या छपरांवर आता पत्रे चढत आहेत, ते लोक कौले आनंदाने देतात. नाव जुळले की टिचकी मारून एकेक निवडायचे, आणि घरी आणून पडवीच्या टोकाला उभे रचून ठेवायचे. आडवी थप्पी लावली, तर तळची कौले वजनाने तडकतात. पडवीत सध्या सबंध एक पाखे शाकारता येईल इतकी कौले जमली आहेत, आणि दुसऱ्या पाख्यापुरती मिळेपर्यंत माझी ही चौकशी चालू राहणार आहे.