मी डॉक्टर झाले तर... (आणि घरातली परीक्षा)



आठवीच्या वर्गाला मी दरवर्षी 'मी डॉक्टर झाले तर' हा निबंध देते. भाईंदरच्या आमच्या शाळेत चाळीस वह्या जमा होतात आणि बहुतेक सगळ्यांत एक वाक्य असतंच, 'मी खेड्यात जाऊन गरिबांची मोफत सेवा करीन.' मी खाली लाल पेनाने 'छान विचार' लिहिते आणि दहापैकी आठ गुण देते. गेली अठरा वर्षं देतेय.

मागच्या जूनमध्ये माझ्याच मुलीने हे वाक्य खरं करायचं ठरवलं. ती मीरा रोडला नर्स आहे. नेपाळच्या डोंगरातल्या गावांत दवाखाने चालवणाऱ्या एका संस्थेत वर्षभर स्वयंसेविका म्हणून जाते म्हणाली. राहणं-जेवण त्यांचं, पगार नाही. माझ्या तोंडून पहिलं काय निघालं? "घराचा हप्ता कोण भरणार?" आणि लगेच, "लग्नाचं काय?"

ती एवढंच म्हणाली, "आई, आठवीत मला आठ मार्क तूच दिले होतेस."

त्याच आठवड्यात वर्गात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची माहिती सांगायची होती. सोलापूरचा मुलगा, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेला. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला 1938 मध्ये भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यात हे एक. वडील वारल्याची बातमी त्यांना तिकडेच कळली, तरी ते परतले नाहीत. बाकीचे चौघे पुढे मायदेशी आले. कोटणीस उत्तर चीनच्या खेड्यांत राहिले, चिनी शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना वैद्यकी शिकवू लागले. 9 डिसेंबर 1942 ला, अवघ्या 32 व्या वर्षी, तिथेच गेले. व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला, हे मुलांना सांगितलं की ती जरा सरसावून बसतात.

मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "बाई, त्यांच्या आईला कसं वाटलं असेल हो?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी फळा पुसत बसले.

घरी आल्यावर हप्त्याचं बोलले नाही. विचारलं, "तुला नेपाळी येतं का?" पंधरा दिवस जाऊन फोटो काढून येणाऱ्यांचा मला राग आहे, खरं सांगते. तिने वही दाखवली. लिपी आपलीच देवनागरी, त्यामुळे वाचायला जमत होतं, बोलणं अडखळत चाललं होतं. म्हणाली, "तिथे 1988 पासून गावोगाव बायका आरोग्य स्वयंसेविका आहेत, आपल्या आशाताईंसारख्या. त्यांना गावातलं घर न् घर माहीत असतं. मी त्यांच्या हाताखाली शिकायला जातेय गं."

ऑगस्टमध्ये ती गेली. हप्ता सध्या मी भरते. नेटवर्क असलं तर रविवारी फोन येतो.

यंदाच्या वह्यांत त्या वाक्याखाली मी 'छान विचार' लिहिलं नाही. लिहिलं, 'कुठल्या गावात? तिथली भाषा येते का? आईला विचारलंस का?' एकीने खाली उत्तर लिहून वही परत दिली, 'विचारलं. आई म्हणाली, आधी गणितात पास हो.'